दस्त्याचे दोन स्क्रू

दिवाळीच्या तोंडावर साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन येतो. "इकडं ऊन मी म्हणतंय, अण्णा," असं तो सांगतो, आणि मी इथे खिडकीची तावदानं ओढून घेत असतो. तिकडचा पाऊस आटोपतो तेव्हा चेन्नईचा सुरू होतो. तो डोंगराकडून येत नाही, समुद्राकडून येतो, आणि एकदा बसला की आठवडाभर उठत नाही. बेचाळीस वर्षं झाली मला या शहरात, पण अंगाला हे उलटं वेळापत्रक काही मानवलेलं नाही. आकाशकंदील लावायचा आणि तो भिजून फाटायचा, हे दर वर्षीचंच.

या दिवसांत घरातलं सगळं लाकूड फुगतं. न्हाणीघराचं दार चौकटीत अडकतं, कपाटाचा खण अर्ध्यात रुतून बसतो. मिठाला पाणी सुटतं. वर्तमानपत्र हातात घेतलं तर शिळ्या पोळीसारखं लोंबतं. पेरुंगुडीच्या आमच्या इमारतीतले लोक जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर पाणी किती साठलं याची चौकशी करत गच्चीवर उभे असतात. मीही उभा राहतो. पण माझ्या डोक्यात त्या वेळी अकरा वर्षांपूर्वीचा कार्तिक महिना असतो, आणि एक बारीकसा आवाज. तो आवाज जेमतेम ऐकू येण्याइतकाच होता. मी एकट्यानं ऐकला.

मी फिटर होतो. शहराच्या पश्चिमेला सरकारी कारखान्यात अवजड गाड्यांच्या जोडणीवर माझी सगळी नोकरी गेली. मनगटाएवढे जाड बोल्ट, हातभर लांबीचे पाने. माझ्या पहिल्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सैल राहिलेला बोल्ट माणूस मारतो." ते वाक्य मी हाडात घेऊन फिरलो. आवळताना मनगटात एक थरथर येते. नवशिके तिथे थांबतात. आम्ही थरथरीच्या पुढे बोटभर जायचो. तपासणीवाले टॉर्क रेंच लावून बघायचे. किती जोर लागलाय ते दाखवणारा तो पाना असतो, आणि माझ्या बोल्टवर त्याचा काटा हवा तिथेच जाऊन थांबायचा. पोरं गोळा होऊन बघायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

केतकी, माझी एकुलती एक मुलगी, शाळेत असताना रायफल शूटिंगकडे वळली. हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी, दहा मीटरची एअर रायफल. घरात कोणाला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तिची आई म्हणाली, "मुलीच्या जातीला बंदूक कशाला?" पण एकदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन तिनं मुलीला उभी असलेली पाहिली आणि पुढे कधी काही बोलली नाही. केतकी घरात एका जागी पाच मिनिटं टिकायची नाही. तिथे मात्र डाव्या कोपराला कमरेचा आधार देऊन, गाल लाकडाला टेकवून, ती अशी उभी राहायची की श्वास चालू आहे की नाही ते कळू नये. मी मागच्या बाकावर बसून बघायचो. काचेपलीकडे आगगाडीचे आवाज, एसीची घरघर, मध्येच एक फट्. मग पडद्यावर काळ्या वर्तुळात एक ठिपका.

तिची रायफल जुनी होती. एका शूटरनं खेळ सोडला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला नि गालाला टेकवायचा लाकडी भाग, अक्रोडाचा होता. नवी मुलं ॲल्युमिनियमचे दस्ते वापरत. केतकीला लाकूडच आवडायचं. "ते गार लागत नाही बाबा," म्हणायची.

त्या दस्त्यामुळे आमची तुळजारावांशी गाठ पडली.

तुळजाराव रेंजवर बंदुकांची दुरुस्ती करायचे. सैन्यात आर्मरर होते, निवृत्त झाल्यावर रेंजच्या मागच्या एका खोलीत बसत. माणूस तंजावरच्या मराठ्यांपैकी. दहा-बारा पिढ्या तमिळ मुलखात काढूनही घरात मराठी बोलणारी मंडळी. पहिल्यांदा त्यांचं मराठी ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. शब्द जुन्या बखरीतले आणि हेल पक्का तमिळ. "या, या जाधवराव, बसा. काफी घेतां कीं?" मला जाधवराव म्हणणारे ते या शहरातले एकटेच. केतकीला ते 'कण्णु' म्हणत. तमिळमध्ये लाडक्या पोराला म्हणतात तसं.

त्यांच्या खोलीत जवसाच्या तेलाचा वास असायचा. भिंतीवर वेगवेगळ्या आकाराच्या कानशी, टेबलावर मऊ फडकं, त्यावर एखादी रायफल उघडून ठेवलेली. लाकूड एका बाजूला, लोखंड दुसऱ्या बाजूला. मला वाटायचं, यात काय एवढं? दोन तर स्क्रू. एक पुढे, एक मागे. लोखंड लाकडात बसवायचं आणि ते दोन स्क्रू पिळायचे. आमच्या कारखान्यात एका चाकाला याहून जास्त असतात.

एका रविवारी मी ते बोलून दाखवलं. तुळजारावांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला.

"दोनच आहेत, म्हणूनच अवघड आहे हो," ते म्हणाले. मग मला शेजारी बसवून त्यांनी केतकीची रायफल जोडून दाखवली. पुढचा स्क्रू थोडा, मग मागचा थोडा, पुन्हा पुढचा. मध्ये दस्ता टेबलावर उभा धरून तळहातानं दोनदा थोपटला, म्हणजे लोखंड आपल्या जागी बसावं. मग एक छोटा टॉर्क ड्रायव्हर काढला. त्यावर आकडा लावला आणि शेवटचा फेरा त्यानं दिला. ड्रायव्हर कट् करून सुटला तसा त्यांनी हात मागे घेतला.

"एवढंच?" मी विचारलं. "मी हातानं अजून अर्धा फेरा देईन."

"द्याल हो. लांकूड मुकाट्यानं घेईलही. मग लोखंड वांकेल केसभर. नाहीं तर लांकूड आंत चेंगरेल. आणि प्रत्येक छर्रा निराळ्या घरीं जाईल."

"आणि सैल राहिला तर?"

"तर तसंच होईल. म्हणून तर आंकडा पाहिजे." मग जरा थांबून हसले. "तुमच्या हाताला 'घट्ट' कळतं जाधवराव. 'पोदुम' कळत नाहीं."

पोदुम म्हणजे पुरे. केतकी खुदकन हसली. खोलीत दोन-तीन शूटर मुलं होती, त्यांनाही हसू आलं. मीही हसलो. पण ते मला लागलं. एकतीस वर्षं ज्या हाताची लोकांनी वाहवा केली, त्या हाताला हा लाकडं तासणारा म्हातारा माझ्या मुलीसमोर अडाणी ठरवतोय, असं काहीतरी मनात जाऊन बसलं. घरी येताना मी केतकीला म्हणालो, "पुस्तकी माणूस आहे." ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.

त्या वर्षी ती वीस वर्षांची होती. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. पुढच्या वर्षी ज्युनिअर गटातून बाहेर पडणार, म्हणून राज्य संघाची ती निवड चाचणी तिच्यासाठी शेवटची. चार वर्षं ती पहाटे उठून दोन बस बदलून रेंजवर गेली होती. मैत्रिणींची लग्नं, सहली, सणवार, सगळं तिनं त्या काळ्या वर्तुळापायी सोडलं होतं. सरावात तिचे गुण निवडीच्या वर जात होते. तुळजारावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोर तयार आहे. आतां तिला कोणी हात लावूं नये."

आणि मग पाऊस लागला.

असा पाऊस मी आधी पाहिला नव्हता. तळी फुटली, रस्ते नाहीसे झाले. आमच्या क्वार्टरच्या तळमजल्यावरचे शेजारी सामान घेऊन वरच्या मजल्यावर आले. वीज गेली ती गेलीच. चाचणी पुढे ढकलतील असं वाटत होतं, पण रेंज उंचावर होती, हॉल कोरडा होता, बाहेरगावची मुलं येऊन राहिली होती. चाचणी ठरल्या दिवशीच, असा निरोप आला. दोन दिवस आधी केतकी सरावाहून येताना गुडघाभर पाण्यात पडली आणि रायफलची पेटी पाण्यात गेली. घरी येऊन तिनं पेटी उघडली तेव्हा आतला फोम पिळून काढावा इतका भिजला होता.

ती रडली नाही. दोन्ही स्क्रू काढले, लोखंड वेगळं केलं, पुसलं, तेलाचा हात दिला. दस्ता फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. लाकूड एकाएकी वाळवू नये, एवढं तिला शिकवलेलं होतं. आदल्या दिवशी कसाबसा तुळजारावांचा फोन लागला. मी स्पीकरवर टाकला.

"सुटे भागच घेऊन ये कण्णु," त्यांचा आवाज खरखरत आला. "जोडूं नको. ओलं लांकूड आहे, हाताला खोटं सांगतं. मी उद्यां सकाळीं लवकर येतों, ड्रायव्हर घेऊन. मीच जोडतों."

मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. पुढे मी मनाशी पुष्कळ सबबी रचल्या, पण ऐकलं नाही असं मला कधीच म्हणता आलं नाही.

चाचणीच्या सकाळी उजाडलं तेव्हा पावसानं जरा उसंत घेतली होती. तुळजाराव तिरुवल्लिकेणीत राहायचे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी त्यांना फोन लावत होतो, लागत नव्हता. त्यांच्या भागात होड्या फिरताहेत असं शेजारी सांगत होता. हा म्हातारा कसला येतोय, मी मनाशी म्हटलं. आला नाही तर पोरगी सुटे भाग हातात घेऊन उभी राहील. केतकी आत वेणी घालत होती. तिची आई देवापाशी होती. मी दस्ता खाली काढला, खिडकीपाशी नेला आणि लोखंड त्यात बसवलं.

सुरुवात मी नीट केली. पुढचा थोडा, मागचा थोडा. दस्ता थोपटला. जिथे तुळजारावांचा ड्रायव्हर सुटला असता, साधारण तिथे मी पोचलो असेन. तिथे माझा हात थांबलाही. मग मनात आलं, रस्त्यात खड्डे, पाणी, धक्के. सैल झाला तर? उस्तादांचं वाक्य आलं. आणि खरं सांगायचं तर त्या रविवारचं हसूही आलं. मी पुढच्या स्क्रूला आणखी पाव फेरा दिला.

टिक्.

वाळलेली काडी बोटात मोडावी तसा आवाज. मी दस्ता उजेडात धरला. काही दिसलं नाही. वॉशर बसला असेल, मी स्वतःला सांगितलं. मग समतोल राहावा म्हणून मागच्यालाही तेवढाच फेरा दिला.

केतकी बाहेर आली, जोडलेली रायफल पाहून दारातच थबकली.

"बाबा, तुम्ही जोडलीत?"

"हो. अगदी बेतानं. राव सांगतात तेवढीच."

तिनं रायफल उचलली, गालाला लावून पाहिली, खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

रेंजवर आम्ही वेळेत पोचलो. तपासणी झाली, नंबर मिळाला, ती आपल्या जागेवर गेली. आधी काही मिनिटं नेम जुळवून घ्यायला देतात, साइटिंग म्हणतात त्याला. त्यातले छर्रे गुणांत धरत नाहीत. मी पालकांच्या बाकावर बसलो होतो. तिचा पहिला छर्रा डावीकडे खाली. तिनं साइटची गुंडी फिरवली. दुसरा मध्याजवळ. तिसरा उजवीकडे. पुन्हा गुंडी. चौथा पार खाली. असं तिचं कधी होत नसे. तिचे छर्रे एकावर एक पडायचे, इकडे तर इकडे, पण सगळे एका घरी.

तेवढ्यात तुळजाराव आले. कमरेपर्यंत भिजलेले, धोतर पोटऱ्यांना चिकटलेलं, छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ड्रायव्हर धरलेला. सत्तरीचा माणूस पाणी तुडवत कुठून कुठे चालत आला होता, देव जाणे. माझ्याशेजारी उभे राहून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. एक छर्रा. दुसरा छर्रा.

"कोणी जोडली?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

मी म्हणालो, "केतकीनं."

का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. जिभेवर आलं आणि गेलं. तिनंच जोडलीय तर तिलाच उमजेल, अशा अर्थी त्यांनी मान हलवली. साइटिंगची वेळ संपली आणि चाचणी सुरू झाली.

तिनं पुष्कळ झुंज दिली. दर दहा छर्‍यांनंतर रायफल खाली ठेवायची, डोळे मिटायची, पुन्हा उचलायची. चांगले पडायचे, मग मध्येच एक बाहेर. शेवटी यादी लागली तेव्हा तिचं नाव संघात नव्हतं. फार थोड्यानं राहिलं. रोजच्या गुणांत पडलेली खोट निम्मी असती तरी ते बसलं असतं.

मागच्या खोलीत तुळजारावांनी रायफल उघडली. पुढच्या स्क्रूभोवती वॉशर लाकडात रुतला होता, आणि भोकापासून एक केसाएवढी चीर दस्त्यात गेली होती. त्यांनी ती चीर अंगठ्यानं चाचपली. मग त्यांची नजर केतकीच्या हातांवर गेली, तिच्या त्या बारीक मनगटांवर. आणि तिथून माझ्या हातांवर आली. तिथे ती थोडी थांबली.

"पाण्यानं झालं कण्णु," ते केतकीला म्हणाले. "लांकूड फुगलं, फुटलं. कोणाचा दोष नाहीं."

केतकीनं मान हलवली. मी भिंतीवरच्या कानशी बघत उभा राहिलो.

पाणी ओसरलं, भिंतींवर त्याची रेघ राहिली. गल्ल्यांतून भिजलेल्या गाद्यांचे ढीग कुजत पडले होते. केतकी आणखी दोनेक महिने रेंजवर गेली. तुळजारावांनी चीर सांधून दिली होती, रायफल पुन्हा बरी चालत होती. पण ती उभी राहायची तेव्हा तिचं शरीर आता खांद्यात कुठेतरी हलायचं, मला मागच्या बाकावरून ते दिसायचं. संक्रांतीनंतर एक दिवस तिनं सांगितलं, "आता अभ्यास करते बाबा." रायफल रेंजवरच्या दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. तिची आई म्हणाली, जाऊ दे, झालं ते बरंच झालं. मी हो म्हणालो.

त्या उन्हाळ्यात मी तुळजारावांच्या घरी गेलो. तिरुवल्लिकेणीत बॅचलर लोकांच्या मॅन्शनांच्या, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींच्या मागे एक अरुंद गल्ली, त्यात दोन खोल्या. ते आजारी होते, आरामखुर्चीत पडलेले. त्यांच्या बहिणीनं काफी आणून दिली. ती विधवा बाई आमचं बोलणं ऐकायला दारातच टेकली. मी पेला हातात घेऊन म्हणालो, "राव, त्या दिवशी रायफल..."

त्यांनी हात वर केला.

"मज कां सांगतां? मज ठाऊक आहे. जिला सांगायचं तिला सांगा."

"ती काय म्हणेल?"

"तें मी कसं सांगूं?" ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मग बऱ्याच वेळानं, मी निघायला उठलो तेव्हा, एवढंच बोलले, "लवकर सांगा हो. अशा गोष्टी मुरल्या कीं बाहेर निघत नाहींत."

आषाढात ते गेले. मी स्मशानात गेलो होतो. केतकीची परीक्षा चालू होती. तिला मी दोन दिवसांनी कळवलं.

मी लवकर सांगितलं नाही. उशिराही सांगितलं नाही. केतकीला सिरुसेरीत मोठ्या कंपनीत नोकरी लागली. मी निवृत्त झालो. तिची आई चार वर्षांपूर्वी वारली, आणि आम्ही दोघं पेरुंगुडीला राहायला आलो, तिला ऑफिस जवळ पडावं म्हणून. ती लग्नाचं नाव काढू देत नाही. सकाळी डबा घेऊन जाते, रात्री येते, माझ्या गोळ्या वेळेवर देते. टीव्हीवर नेमबाजीची स्पर्धा लागली तर चॅनेल बदलत नाही, बघतही नाही. मोबाईल घेऊन बसते. मी तिच्याकडे चोरून बघतो.

माणूस चूक करतो, त्याला लोक क्षमा करतात, तसं म्हणतात. पण मला टोचत राहिलं ते पाव फेऱ्यापेक्षाही नंतरचं. आवाज ऐकल्यावर ती बाहेर येईपर्यंत मिनिटभर तरी गेलं असेल. त्या मिनिटात मी तोंड उघडलं असतं तर तिनं स्क्रू सैल केले असते, पेटीत भाग टाकून तशीच नेली असती. पुढे तुळजारावांनी विचारलं तेव्हाही वेळ होता. दोनदा दार उघडं होतं आणि दोन्ही वेळा मी ते आतून धरून उभा राहिलो. दर वर्षी पाऊस आला की हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बाकीचं वर्ष मी बऱ्यापैकी झोपतो.

यंदा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखाना तिरुवल्लिकेणीच्या बाजूला. गेल्या महिन्यात तपासणीसाठी केतकी सुट्टी काढून मला घेऊन गेली. बाहेर पडलो तर पावसाची जोराची सर आली, म्हणून समोरच्या मेसमध्ये शिरलो. दुपारचे तीन वाजले असतील. पंख्याखाली दोन-चार माणसं, ओल्या छत्र्या भिंतीला टेकवलेल्या. केतकीनं दोन काफी सांगितल्या. खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "राव काकांचं घर इथेच होतं ना कुठेतरी?"

अकरा वर्षांत तिनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं. औषध घातलेल्या डोळ्यांना तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच मला बोलता आलं.

"केतू, त्या दिवशी रायफल मी जास्त आवळली होती. लाकूड तडकल्याचा आवाज झाला. मी ऐकला होता. तुला सांगितलं नाही."

तिनं पेला खाली ठेवला. "माहितीय मला बाबा."

"कधीपासून?"

"तेव्हाच. तिसऱ्या छर्‍यालाच कळलं, स्क्रू जास्त आवळलेत म्हणून. स्क्रू फिरवायची ॲलन की माझ्या खिशात होती. साइटिंगमध्ये वेळ होता. सैल करून हातानं बेताचा बसवला असता तर निदान गोळा तरी पडले असते छर्रे. की काढली होती मी. स्क्रूला लावलीसुद्धा."

"मग?"

शेजारच्या टेबलावरचा म्हातारा भज्यांची चटणी मागत होता.

"मागे वळून पाहिलं तर राव काका तुमच्याशेजारी येऊन उभे होते," ती म्हणाली. "मी तिथे स्क्रू उघडला असता तर त्यांना कळलं असतं, कोणी आवळला ते. त्या दिवशी ते तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते ना, तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. म्हटलं, नको. तेवढं साइटवर निभेल. वाटलं होतं निभेल."

वीस वर्षांची पोर, चार वर्षांची मेहनत एका हातात, आणि दुसऱ्या हातात माझी लाज. आणि तिनं असं ठरवलं. किती सेकंदांत ठरवलं असेल?

तिथे मी थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं आत धरून ठेवलेलं सगळंच वर आलं होतं. शिवाय ती इतकं खरं बोलल्यावर अर्धं ठेवणं मला जमेना.

"त्याच वेळी त्यांनी मला विचारलं," मी म्हणालो, "कोणी जोडली म्हणून. मी सांगितलं, केतकीनं."

पाऊस थांबत आला होता. पोऱ्यानं येऊन पेले उचलले. केतकी माझ्याकडे बघत होती. मला चेहरा धूसर दिसत होता, पण तो हलला नाही एवढं कळलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती उठली, काउंटरवर जाऊन पैसे दिले, माझी छत्री आणि औषधांची पिशवी घेतली. दाराशी येऊन थांबली. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं, खाली खड्डा कुठे आहे ते दिसत नव्हतं. तिनं नेहमीसारखा माझा दंड धरला, एकेक पाऊल सांगत मला पलीकडे नेलं. "इथे पायरी आहे," म्हणाली. फुटपाथवर चढल्यावर हात सोडला आणि रिक्षा बघायला पुढे चालू लागली.